खिळा जागचा हलला नव्हता

नदीपासून दोन शेतं अलीकडे एक रेड गमचं जुनं झाड आहे आणि त्याच्या बुंध्यात एक गंजका खिळा आहे. त्या खिळ्याबद्दल मी माझ्या अहवालात एक वाक्य लिहिलं होतं: ‘झाडाची वाढ लक्षात घेता ही नोंद विश्वसनीय नाही.’ इंजिनिअर म्हणून वीस वर्षांत मी बरंच काही लिहिलं, पण इतकं मूर्ख वाक्य दुसरं नाही.

मी राहते मेलबर्नच्या पॉइंट कुकला आणि काम करते पुराचे नकाशे बनवण्याचं. ही गोष्ट ज्या शायरमधली, म्हणजे इथल्या ग्रामीण तालुक्यातली, ती तिथून गाडीने तीन तास उत्तरेला. गहू, मेंढ्या आणि पोळपाटासारखी सपाट जमीन. अशा मुलखात नदी हातभर जास्त चढली तर पाणी मैलभर पसरतं. गावाला नवीन किंडर, म्हणजे बालवाडी, बांधायची होती, ओव्हलशेजारच्या, म्हणजे खेळाच्या मैदानाशेजारच्या, मोकळ्या जागेत. जुनं किंडर म्हणजे गळक्या छपराच्या दोन खोल्या. गावातल्या आया पैसे जमवायला कित्येक वर्षं शनिवारी सॉसेज भाजून विकत होत्या, तेव्हा कुठे बांधकामाचा योग आला होता. त्या जागेवर पाणी येतं का, एवढंच मला सांगायचं होतं.

सगळ्यात मोठा पूर आला तेव्हा त्या नदीवर पाणी मोजायची सोयच नव्हती. त्यामुळे पुरावा म्हणजे पाणी कुठवर चढलं याच्या लोकांनी करून ठेवलेल्या खुणा. त्यातली एक गावच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीवर बसवलेली पितळी पट्टी. पुराचं वर्ष कोरलेली, दर महिन्याला कुणीतरी घासून लख्ख ठेवलेली. दुसरी हा खिळा. ऐंशी पार केलेल्या एका शेतकऱ्याने तो मला दाखवला होता. पाणी चढायचं थांबलं त्या दिवशी त्याच्या वडिलांनी होडीतून जाऊन तो ठोकला होता. मी दोन्ही खुणांची उंची मोजली. खिळा पट्टीपेक्षा जवळजवळ मीटरभर वर निघाला.

दोन्ही खऱ्या असणं शक्य नव्हतं. एकीकडे सरकारी वाटणारी इमारत आणि पितळी पट्टी, दुसरीकडे एक झाड. झाड काय, वाढतं. मी मिनिटभर विचार करून हॉलवर विश्वास ठेवला, नकाशा केला, सही ठोकली. नकाशातला निळा रंग किंडरच्या जागेच्या अलीकडेच थांबला. शायरच्या कचेरीने आर्किटेक्टची चित्रं आणि माझा नकाशा हॉलमध्ये लावून गावाला चहाला बोलावलं.

त्या दुपारी मी लॅमिंग्टन केक खात उभी होते. तो म्हातारा शेतकरी आला. हातात माझ्या अहवालाचं एक पान, चार घड्या घातलेलं, ते वाक्य पेनाने अधोरेखित केलेलं.

“माझ्या बापाला खोटारडा ठरवलंस तू,” तो म्हणाला.

“नाही हो. झाड वाढतं ना, म्हणून खिळा वर गेला असणार.”

“लव्ह, झाड शेंड्याकडून वाढतं. खिळा ठोकला तिथेच राहतो. हलला तो हा हॉल.”

“हलला म्हणजे?”

“पूर आला तेव्हा हा जुन्या रेल्वे स्टेशनापाशी होता. पुढे लाइन बंद पडली. मग लाकडाचाच तो, मधोमध कापला, दोन ट्रकवर घातला आणि इथे आणून जोडला. मी मागून माझा छोटा ट्रक, यूट, चालवत होतो.”

“अहो, मग हे मला कुणीच कसं नाही सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत आहे,” तो म्हणाला. चहाच्या टेबलापाशी उभे असलेले चार-पाच जण हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण माझी कानशिलं तापली.

मी पुण्याची. आमच्याकडे माणसं जागा बदलतात, इमारती नाही. इमारत पाडतात, तिच्या जागी बारा मजली उभी करतात, पण ती उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. आणि गंमत अशी, की याच गावाच्या रस्त्यावर एक अख्खं घर ट्रकवरून हळूहळू जाताना मी पाहिलं होतं. पाऊण तास त्याच्या मागे अडकून त्याला शिव्याही घातल्या होत्या. पण डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

घरी येऊन लेकीला सांगितलं. फोनमधून मानही वर न करता ती म्हणाली, “मम, ट्रीज ग्रो फ्रॉम द टॉप. वुई डिड दॅट इन ग्रेड थ्री.”

दोन दिवसांनी जुन्या स्टेशनाची जागा मोजली. नुसत्या डोळ्यांना ती सपाटच दिसते, पण भरली हॉलच्या आताच्या जागेपेक्षा जवळजवळ मीटरभर उंच. म्हणजे पट्टी हॉलबरोबर मीटरभर खाली उतरली होती आणि खिळ्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. गणित पुन्हा केलं. निळा रंग ओव्हल ओलांडून किंडरच्या जागेवरून पलीकडे गेला. पाण्याची खोली स्क्रीनवर मीटरमध्ये येते. मी ती पोरांच्या उंचीत पाहिली. तीन वर्षांच्या मुलाच्या हनुवटीपर्यंत. मी लॅपटॉप मिटून अंगणात जाऊन उभी राहिले.

माझा बॉस मुंबईचा, स्वभावाने सावध. म्हणाला, “अगं, एवढं काय त्यात? रिव्हिजन काढू. ‘न्यू सर्व्हे डेटा’ असं लिहू आणि पाठवून देऊ. चूक, चूक म्हणून बोंबलायची काय गरज आहे?”

“रिव्हिजन कोण वाचतं रे? पुढच्या महिन्यात तिथे पाया खणायला घेतायत. मी जाऊन तोंडाने सांगणार.”

“आणि क्लायंट गेला तर?”

“जाऊ दे.”

त्याने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला, “तू ऐकणार नाहीसच. जा बाई.”

तीन तासांच्या ड्राइव्हमध्ये मी पहिलं वाक्य मोठ्याने घोकत गेले. किंडर कमिटीच्या मासिक मीटिंगला हॉल भरला होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, नकाशा चुकलाय, चूक माझी आहे, त्या जागेवर किंडर बांधू नका. मग खिळ्याबद्दलचं माझं वाक्य वाचून दाखवलं आणि म्हाताऱ्याची माफी मागितली. त्याने टोपी जरा वर केली, बस.

किंडर कमिटीची अध्यक्ष उठली. तीन मुलांची आई, लोकर कापणाऱ्यांची टोळी सांभाळणारी, आवाज खणखणीत. “म्हणजे पुन्हा नवी जागा, नवी ड्रॉइंग्ज, नवी परवानगी. दोन वर्षं गेली. तोवर माझा धाकटा शाळेत जाईल. तुझ्या एका वाक्यापायी!”

“हो,” मी म्हटलं.

“आणि तो पूर पुन्हा आलाच नाही तर?”

“तर जन्मभर मला शिव्या घाला. मला चालेल.”

ती खुर्ची मागे ढकलून निघून गेली. मी सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि नंतर गाडीत बसून ढसाढसा रडले. पण रडून झाल्यावर एक पक्कं ठरवलं, की यातून हात झटकायचे नाहीत. नवी जागा मिळेपर्यंत दर महिन्याच्या मीटिंगला यायचं, स्वतःच्या सुट्टीत.

आणि गेले. पहिले काही महिने अध्यक्षबाई माझ्याशी बोलायची नाही. माझ्यासमोर चहाचा मग मात्र ठेवायची, जरा आपटूनच. म्हाताऱ्याला बरोबर घेऊन मी गावातली प्रत्येक खूण पुन्हा तपासली. ही भिंत पहिल्यापासून इथेच आहे का, हा खांब कुणी बदलला का, हे पायऱ्या बसवायच्या आधीचं की नंतरचं. लोक कंटाळून दार लावून घ्यायचे इतकं विचारलं. तीन जागा मीच नाकारल्या. शेवटी स्मशानाच्या रस्त्यावरची एक जागा पक्की झाली. पोरांना रोज थडग्यांवरून न्यायचं का, म्हणून कुरकुर झाली. पण पहिल्या वस्तीने आपली माणसं पुरायला कोरडी जमीन निवडली होती, आणि माझी आकडेमोडही तेच सांगत होती.

गेल्या महिन्यात तिथे पाया घातला. नदी अजून आपल्या पात्रातच आहे. या दोन वर्षांत घोटाभरही पाणी गावात आलेलं नाही, आणि हे मला दर वेळी कुणी ना कुणी ऐकवतंच. पाया बघायला गेले तेव्हा अध्यक्षबाई बूट घालून चिखलात उभी होती. तिचा धाकटा केव्हाच शाळेत गेला होता. तिचं एकही मूल आता या किंडरमध्ये येणार नव्हतं.

“तू अजून कमिटीत कशी?” मी विचारलं.

“सोडणारच होते. तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस, तेव्हा म्हटलं, आता ही काही परत तोंड दाखवत नाही. पण पुढच्या महिन्यात बघते तर तू हजर. मग मला कसं सोडता येणार?” ती पायाकडे बघत होती. “माझा राग गेलेला नाही हं. माझ्या धाकट्याला मिळायला हवं होतं हे.”

“मिळायला हवं होतं,” मी म्हटलं.

“आता तो विचारतो, आपल्यातलं कुणी तिथे जाणार नाही, तर तू कशाला जातेस. मी सांगते, जी पोरं इथे येणार आहेत ना, त्यातली बरीचशी अजून जन्मलीही नाहीत. त्यांच्या वतीने भांडायला कोणीतरी नको?”