आप्पांच्या मिगवरचा वाघ

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. चाळिशी ओलांडलेली माणसं प्लॅस्टिकची विमानं जोडायला बसली की ते आपोआप साठतात. शिरूरला आमच्या डायनिंग टेबलावर दर रविवारी जेवण सोडून सगळं असतं. मी, माझा नवरा विलास आणि पाबळहून येणारा त्याचा मित्र सुधीर. खास समारंभासाठी रंगवलेल्या लढाऊ विमानांची मॉडेल्स हा आमचा नाद. त्यावरचं चित्र म्हणजे डेकल. कोमट पाण्यात ते कागदावरून सुटतं, सायीच्या पापुद्र्यासारखं, मग ब्रशनं विमानावर सरकवायचं.

डेकल लावताना पंखा बंद, बोलणं बंद, श्वाससुद्धा जपून. एकदा विलासच्या आत्या कवठे येमाईहून आल्या. बघतात तर आम्ही तिघं माना खाली घालून, घामाघूम, गप्प. पिशवी दारातच ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

सुधीर एकदा आमच्याकडून थेट तळेगाव ढमढेऱ्याला लग्नाला गेला. गालावर विमानाच्या पंखावरचं तिरंगी वर्तुळ चिकटलेलं, त्याला पत्ताच नाही. नेमके निवडणुकीचे दिवस. नवरीच्या मामांनी बाजूला घेऊन विचारलं, "पाव्हणं, कंच्या पार्टीचं म्हनायचं?" पंगतीत म्हणे सगळ्याच पार्ट्यांनी त्याला आग्रह करून जिलेबी वाढली.

मग आमच्यात दौंडचे आप्पा आले. हवाई दलात पेंटर होते. सगळ्या नोकरीत हौसेचं काम एकदाच मिळालं. स्क्वाड्रनच्या वाढदिवसाला मिगच्या निळ्या शेपटीवर वाघ! समारंभ झाला आणि विमान परत राखाडी करायची ऑर्डर आली. "घासायला पॉलिश पेपर माझ्याच हातात दिला," एवढंच सांगायचे. जवळ एक धुरकट फोटो. तो वाघ त्यांना परत बघायचा होता, बोटाएवढा का होईना.

असलं डेकल बाजारात कुठलं? डीटीपीचं दुकान माझं, म्हणजे वाघही माझ्याच गळ्यात. पहिला वाघ छापून निळ्या शेपटीवर लावला. पण आमच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. वाघाच्या मिशा, गाल, पोट, सगळीकडून खालचं निळं दिसायला लागलं. आप्पांनी बराच वेळ निरखलं. "चांगला हाय, ताई. पर ह्याला सलाईन लावा."

दुसरा वाघ पांढऱ्या डेकल पेपरवर छापला. फोटोत त्याचा एक डोळा जरा बाहेरच्या बाजूला वळलेला. फोटो हलला असणार, असं आम्ही तिघा तज्ज्ञांनी ठरवलं आणि मी कॉम्प्युटरवर डोळा सरळ केला. काय देखणा दिसायला लागला! मोठ्या ऐटीत मॉडेल दौंडला नेलं. आप्पांनी चष्मा पुसला, शेपटीवरून बोट फिरवलं आणि मॉडेल परत माझ्या हातात दिलं.

"लई ग्वाड झालाय. पर ह्यो माझा न्हाई."

घरी येऊन मी वाघ पुन्हा तिरळा करायला बसले. इतकं मन लावून मी आजवर काहीच बिघडवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी परत दौंड. आप्पांनी मॉडेल टेबलावर ठेवलं. बसले नाहीत. शेपटीच्या डाव्या अंगाला गेले, दोन पावलं मागं सरले, जरासे वाकले आणि तसेच थांबले.

आतून काकूंनी चहाला हाक मारली.

"थांब जरा," आप्पा म्हणाले. "बघतोय माझ्याकडं."