उतारावरचा टेम्पो

आबांनी टेम्पोच्या पाठीला दोन्ही तळवे लावले, तेव्हा मी जिन्यात चार पायऱ्या वर होते आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना.

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग पहिल्या मजल्यावर आहे. तिथे चढायला एक रॅम्प, त्याला लागून जिना, आणि रॅम्पच्या पायथ्याशी कमानीचा जाडजूड काँक्रीटचा खांब. त्या सकाळी माझी मुलं शाळेत गेल्यावर कुणाच्या तरी फ्लॅटसाठी लाद्यांची खोकी घेऊन एक टेम्पो आला. वॉचमनने सहीसाठी मागून हाक मारली, म्हणून ड्रायव्हरने तो रॅम्पच्या मध्यावरच उभा केला आणि उतरून गेला. आबा, म्हणजे माझे वडील, फेरफटका मारून परत येत होते. टेम्पो मागे सरकायला लागला.

आबा सत्तरीचे. साताऱ्याकडून येऊन सगळी उमर त्यांनी तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडीचं काम केलं. भरलेली हातगाडी उतरणीला लागली की अंगाने रेटून धरायची, हे रोजचंच. टेम्पो हलताना दिसला आणि त्यांचं अंग विचार न करता पुढे झालं असणार.

तो फार हळू येत होता. हँडब्रेक अर्धवट धरत होता बहुतेक. म्हातारं माणूस चालेल तेवढाच वेग. आबांना तो थांबण्यासारखा वाटला, यात त्यांची काही चूक नव्हती.

पण मी अकरावीला फिजिक्स शिकवते. दरवर्षी फळ्यावर लिहिते की मोमेंटम म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि दरवर्षी मुलांना बजावते, हळू आहे म्हणजे हलकं आहे असं समजू नका. त्या क्षणी मला सूत्र वगैरे आठवलं नाही. दिसले फक्त आबांचे पाय. रोवून धरले होते तरी ते मागे घसरत होते. आणि त्यांच्या पाठीमागे तो खांब.

"आबा, सोडा! बाजूला व्हा!" शेवटी मी ओरडले.

"आगं थांबतंय, थांबतंय!" त्यांनी मानही वळवली नाही.

मी धावले. आधी त्यांचा शर्ट धरून ओढला. तो खांद्यावर टरकन फाटला, पण आबा हलले नाहीत. ड्रायव्हर दाराला लोंबकळून आत चढायची धडपड करत होता. खांब आता दोन हातांवर होता. मी दोन पावलं मागे सरकले आणि सगळ्या अंगाचा भार घालून आबांच्या बरगडीवर खांदा मारला. आम्ही दोघंही बाजूला जाऊन पडलो.

मग तो आवाज. फार मोठा नव्हता. धप्प, आणि पाठोपाठ लाद्या फुटल्याचा खळखळाट.

आबा आधी माझ्यावरच चिडले. "थांबत आल्तं की! कशाला ढकललंस?" बोलताना मनगट धरून बसले होते. मग उठून खांबापाशी गेले. टेम्पोचा मागचा फाळका आत दबला होता आणि खांबाला इतका चिकटला होता की मध्ये बोटही गेलं नसतं. आबा ते बघत राहिले.

हाडांच्या डॉक्टरांकडे बाकावर बसल्यावर त्यांचे गुडघे थरथरायला लागले. दोन्ही हातांनी दाबले तरी थांबेनात. मी घाबरून पाणी आणलं. "काय न्हाय," म्हणाले, "थंडी वाजतीय." बाहेर रणरणतं ऊन होतं.

मनगट मोडलं होतं, आणि ते माझ्या धक्क्याने. प्लॅस्टर चढलं. ड्रायव्हर संध्याकाळी भेटायला आला, दारातच रडायला लागला. आबांनी त्याला आत बसवून चहा दिला आणि सांगितलं, "उतारावर गाडी गियरमधी ठेवायची अन् चाकाला दगड लावायचा. इसरायचं न्हाय."

मी एकदा कागद घेऊन हिशेब करायला बसले. टेम्पोचं वजन, लाद्यांचं वजन, अंदाजे वेग. खांबाला धडकल्यावर तो पापणी लवायच्या आत थांबला. जितका कमी वेळ, तितकं बल जास्त. मध्ये माणूस असता तर, इथपर्यंत आले आणि कागद फाडून टाकला. त्या वर्षी तो धडा शिकवताना खडू दोनदा मोडला. रस्त्यात उभ्या ट्रकच्या मागून मी जाईनाशी झाले. ड्रायव्हर आत बसलेला असला तरी लांबून वळसा घ्यायचे.

प्लॅस्टर काढलं त्या दिवशी आम्ही रिक्षाने घरी येत होतो. आबा मोकळ्या हाताची बोटं हळूहळू मिटत-उघडत होते. एकदम म्हणाले, "मला ढकलताना तूच मधी सापडली असतीस तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

"सुचलंच नाही आबा," मी म्हणाले.

"एवढी शिकलेली तू," ते म्हणाले. "पोरं शाळेत व्हती तुझी."

सिग्नलला आमच्या शेजारी लोखंडाच्या सळ्यांनी भरलेला ट्रेलर येऊन उभा राहिला. आबा सरकून माझ्या बाजूला आले. मी त्यांचा तो बारीक झालेला हात धरला आणि सिग्नल सुटेपर्यंत आम्ही दोघंही त्या चाकांकडे बघत राहिलो.