सॉल्वेगचे दोन दिवस

अमेरिकेतल्या टॅकोमा शहरात, एका सर्वेक्षण कचेरीत डोरीन बारा वर्षं एकच काम करत होती. दर ऑक्टोबरमध्ये त्याच त्या घरांना प्रवासाच्या वह्या पाठवायच्या. नेमलेल्या दोन दिवसांत घरातलं कोण कुठे, कशाने, किती वाजता गेलं, ते लोक लिहून परत पाठवत. वही आली नाही तर फोन करायचा. एकच घर वर्षानुवर्षं पाहिलं तरच माणसांच्या सवयी कशा बदलतात ते कळतं. त्यामुळे एखादं घर गळालं की तिला चुटपुट लागे.

गेल्या वर्षी टॉर्वाल्ड आणि त्याची बायको सॉल्वेग यांची वही आली नाही. फोनही कुणी उचलेना. नऊ वर्षं न चुकता वही पाठवणारं घर! वह्या जमा करायच्या शेवटच्या दिवशी डोरीनने त्यांची आदल्या वर्षीची वही काढली आणि वेळा पाच-दहा मिनिटं मागेपुढे करून नवी भरून टाकली. म्हातारी माणसं, ठरलेले रस्ते, काय बदलणार?

यंदा टॉर्वाल्डने फोन उचलला.

"एकाचीच वही पाठव, डोरीन. सॉल्वेग गेली. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये."

डोरीनच्या वहीत सॉल्वेग ऑक्टोबरात बसने चर्चच्या गायनाला गेली होती, आणि मासे घेऊन सव्वाचारला परतली होती.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. बारा वर्षांत तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"टॉर्वाल्ड, मागची वही मी भरली. इथे बसून. दोघांचीही."

"तिचं काय लिहिलंस?"

तिने वाचून दाखवलं.

"बसने कुठली? पायऱ्या चढवत नव्हत्या तिला. शेवटचे चार महिने मीच सोडायचो. गाणं संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहायचो."

"मला माहीत नव्हतं."

"विचारायचं की गं. तुझं कामच ते."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"ते खोडून टाक," तो म्हणाला.

"खोडलं तर तुमच्या घराचं एक वर्ष रिकामं राहील."

"रिकामंच होतं ते."

फोन ठेवून डोरीनने वहीवर लिहिलं, 'ही वही मी कचेरीत भरली', आणि खाली पूर्ण नाव घातलं. मग ती वही घेऊन वरिष्ठ बाईंच्या दाराशी गेली. आत त्या कुणाशी तरी बोलत होत्या. परत फिरायला तेवढं निमित्त पुरलं असतं. डोरीन मान खाली घालून उभीच राहिली.