भिंतीवरच्या पेपराचा एडिटर

एडिटर पहिल्या भेटीत कुणालाच आवडत नसे. मला तर मुळीच आवडला नाही. बांधाच्या भांडणात एकाचं डोकं फोडून मी तुरुंगात आलो, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, काय केलंस? या माणसानं विचारलं, "आत घेताना डाक्टरनं तपासलं, का नुसता शिक्का मारला?" आणि लगेच लिहायला बसला.

तो वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा. हाणामारीत त्याच्या हातून माणूस गेला होता. आयुष्यातला तेवढाच गुन्हा, आणि तो त्यानं कधी लपवला नाही. बराकीच्या भिंतीवर तो हातानं लिहिलेला पेपर लावायचा. परवानगी होती सुविचारांची. यानं पहिल्याच अंकात पाणचट वरणाची बातमी लावली. बाहेरचे पत्रकार फक्त राखीपौर्णिमेला येत, आमच्या रडण्याचे फोटो काढत आणि निघून जात. त्यांची चीड मला आजही येते.

एडिटरचा एक हट्ट होता. ज्याची बातमी, त्याला ती आधी वाचून दाखवायची, मगच भिंतीवर लावायची. वरणाच्या बातमीपायी त्यानं स्वयंपाकघराच्या मुकादमाकडून पळीचा मार खाल्ला. वरण मात्र घट्ट झालं.

"काहून मरून राहिला बे?" मी ओरडलो.

"पाठीमागं करतेत ती चुगली," तो म्हणाला. "बातमी तोंडावर सांगावं लागते."

मग बराकीतला एक म्हातारा तापानं गेला. दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या, म्हणत गेला. एडिटरनं तसंच लिहिलं आणि थेट तुरुंगाच्या साहेबालाच वाचून दाखवलं. साहेबानं कागद फाडला. खोटं लिहिलं म्हणून सही कर, नाहीतर शिक्षेतली माफी विसर, असं बजावलं. माफी मिळाली असती, तर तो लेकीच्या लग्नाला मांडवात उभा राहिला असता. मी त्याचे पाय धरले.

"म्हातारं कण्हत व्हतं का न्हाई? तूच सांग," एवढंच तो बोलला. लेकीचं लग्न त्याच्याविना लागलं. बाहेरच्या पेपरात दोन ओळी आल्या, कैद्याचा नैसर्गिक मृत्यू. एकही हरामखोर आत विचारायला आला नव्हता.

सुटून आल्यावर तो तांड्यावरच राहिला आणि मागच्या वर्षी गेला. मी त्याला भावासारखा जीव लावला होता. दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या एका पेपरात मथळा होता, 'सराईत गुन्हेगाराचा मृत्यू'. तो अंक घेऊन मी कचेरीत गेलो आणि लिहिणाऱ्या वार्ताहरासमोर आपटला.

"चला, गाडी खाली उभी हाय. तांड्यावर त्याची लेक येऊन बसली. तिला हे वाचून दाखवा."

"काका, आमच्यात तशी पद्धत नसते," तो म्हणाला.

"आमच्या पेपरात व्हती," मी म्हणालो.