लिंक आली, पाणी आलं

सर्व्हर रूमचं दार कितीही घट्ट लावा, धूळ आत येतेच. किस्स्यांचं तसंच असतं. आमच्यापैकी कुणी ते जमवायला गेलं नव्हतं. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तयार व्हायचे आणि आमच्या सिस्टीम डिपार्टमेंटमध्ये किस्से. आता आम्ही चौघंही तिथून बाहेर पडलोय. चहाला भेटलो की एकमेकांच्या बीपी-शुगरची चौकशी पटकन आटपते आणि कुणीतरी म्हणतं, "ते गिगाबिटचं आठवतंय का?" मग चहा गार होतो.

चौघं म्हणजे कोण ते सांगतो. पाठक मॅडम आमच्या प्रमुख. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो ठेवायला स्टोअरमधली एक खोली त्यांनी भांडून मिळवली होती. पुढं त्या खोलीचं डिपार्टमेंट झालं ते त्यांच्याच जिवावर. शेखभाई शहागंजचे, केबल, स्विच, हार्डवेअर सगळं त्यांच्याकडं. देवकते पैठणकडचा, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला इंजिनिअर. सर्व्हर ज्यावर चाले ती युनिक्स सिस्टीम त्याच्या ताब्यात. आणि मी कुलकर्णी. प्रोग्रॅम लिहिणं आणि सगळ्यांच्या कामात मध्ये मध्ये बोलणं, हे माझं काम.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. जायकवाडीनं तळ गाठलेला. जालना रोडच्या दोन्ही बाजूंना नव्या सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदा. त्यात पुण्याच्या हेड ऑफिसनं ठरवलं, चिकलठाण्याचा सर्व्हर पुण्याला हलवायचा. कारण आमचं नेटवर्क संथ. सगळा डेटा बॅकअपच्या मशीनवर कॉपी करायचा तर अर्धा दिवस काम बंद ठेवावं लागे.

मॅडमनी कळवलं, नेटवर्क जलद करणारं नवं गिगाबिट कार्ड आणि मशिनी एकमेकींना जोडणारा नवा स्विच द्या. जेवणाच्या सुटीत कॉपी पूर्ण करून दाखवते. नाही झाली तर सर्व्हर खुशाल घेऊन जा. सर्व्हर गेला की मागं डिपार्टमेंट कशाला ठेवतील, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

* * *

युनिक्सला नवं कार्ड आपलं आपण ओळखता येत नसे. आधी त्याचा ड्रायव्हर बसवायचा, मग कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, नव्यानं बांधायचा, मशीन बंद करून चालू करायचं आणि शेवटी कार्डाला नेटवर्कवरचा पत्ता द्यायचा. आमच्या कार्डाला शेजारी शेजारी दोन सॉकेट होती. शेखभाईंनी पहिल्यात केबल खोचली आणि आवाज दिला, "एक नंबर में डाला!" देवकतेनं एक नंबरला पत्ता दिला.

सगळी दुपार गेली. केबल बदलून झाली, ड्रायव्हर पुन्हा बसवून झाला, मी सात-आठ सल्ले देऊन झालो. काही केल्या लिंक, म्हणजे जोडणी झाल्याचा हिरवा दिवा, नाही. शेवटी देवकतेनं मशीनच्या मागं जाऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"शेखभाई, युनिक्समधी पहिलं म्हंजी झिरो. एक म्हंजी दुसरं."

शेखभाई शांतपणे म्हणाले, "अच्छा? तुमको पहली बच्ची हुई, तब पेढे झिरो बच्ची के बाँटे क्या?"

तेव्हापासून देवकतेची मुलगी आमच्यात 'झिरो'. आता ती स्वतः इंजिनिअर आहे. तरी आमच्यापैकी कुणाला फोन केला की "काका, झिरो बोलतेय" असंच म्हणते.

* * *

देवकतेचे वडील एकदा कारखान्यात आले होते. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. मॅडमनी स्वतः त्यांना सर्व्हर रूम दाखवली. म्हातारबाबांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि मुलाला विचारलं, तू इथं नेमकं करतोस काय?

देवकते म्हणाला, "ह्या मशिनीला त्या मशिनीसंगं बोलाया लावतो."

"आन् त्या बोलत्यातच म्हन्ल्यावर?"

"मंग बसून ऱ्हातो."

म्हातारबाबांचा चेहरा उजळला. "म्हंजी राखणच की. मला वाटलं, शिकून धंदा सोडला."

* * *

झिरोला पत्ता दिला तरी लिंक येईना. आता दोष स्विचचा होता. तो पुण्याहून आलेला आणि त्याचा पासवर्ड पुण्यातच. तिकडच्या साहेबांनी त्याचा वेग पक्का करून ठेवला होता, म्हणजे आमच्या कार्डानं विचारायचं नाही, मुकाट्यानं ऐकायचं. गिगाबिटचं तसं नसतं. तिथं कार्ड आणि स्विच आधी एकमेकांशी बोलणी करतात, दोघांना काय झेपतं ते ठरवतात आणि मगच जुळतं. हे देवकतेनं पुण्याला परोपरीनं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"लिंक नाय, सर."

तिकडून आवाज आला, "'नाय' नाही हो, 'नाही'. आधी मराठी सुधारा, मग नेटवर्क सुधारेल."

देवकतेचे कान लाल झालेले मला दिसत होते. बारावीला मराठीत तालुक्यात पहिला आलेला माणूस तो. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली आणि अगदी गोड आवाजात बोलल्या.

"साहेब, आमची मुलगी बैठकीला येऊन बसलीय. तुमचा मुलगाच रुसून बसलाय. त्याला जरा बोलतं करा."

तिकडं कुणीतरी हसलेलं ऐकू आलं. साहेब मात्र हसले नाहीत. उद्या बघतो म्हणाले आणि फोन ठेवला.

* * *

आता एक रिवाज सांगायला हवा. त्या दुष्काळात ऑफिसात घरून फोन यायचा तो एकाच शब्दाचा, "आलं." कोण आलं, काय आलं, विचारायचं नाही. ज्याला फोन आला त्यानं उठायचं, घरी जाऊन टाकी, पिंप, बादल्या, हंडे भरायचे आणि परत यायचं. मॅडम नेमक्या त्या वेळी खिडकीबाहेर बघत असत. अर्धं राहिलेलं काम संध्याकाळी थांबून पुरं व्हायचंच, म्हणून कुणी बोलायचं नाही. आमच्या पलीकडं प्लायवूडच्या पार्टिशनआड अकाउंट्सवाले बसत, त्यांच्यातही हेच.

दुसऱ्या दिवशी पुण्यानं स्विच बोलता केला. देवकतेचं डोकं तेव्हा मशीनच्या मागं होतं. हिरवा दिवा लागलेला दिसला आणि तो आनंदानं ओरडला, "आलं!"

त्याच्या मनात होतं, नेटवर्क आलं. पण पार्टिशनपलीकडं खुर्च्या सरकल्या आणि अकाउंट्सवाले उठून चालू पडले. त्यांना पाहून शेखभाई निघाले. मी स्टोअरकडून येत होतो. एवढी माणसं गेटकडं धावताना पाहिली आणि काही न विचारता स्कूटरला किक मारली. कमाल पुढंच आहे. देवकतेनं डोकं बाहेर काढलं तर ऑफिस रिकामं. त्याला वाटलं, पाणी आलं असणार. तोही गेला.

घरोघरी नळ कोरडे ठणठणीत. तासाभरानं एकेक जण मान खाली घालून परतला, तेव्हा मॅडम एकट्याच टर्मिनलवर काहीतरी टाइप करत बसल्या होत्या. वर न बघताच त्यांनी नियम काढला. पाणी नपुंसकलिंगी, ते 'आलं'. लिंक स्त्रीलिंगी, ती 'आली'. नेटवर्क हा शब्द या मजल्यावर बंद. या डिपार्टमेंटमध्ये इथून पुढं व्याकरण पाळलं जाईल.

शेखभाईंनी हात वर केला. "मॅडम, हमारे में तो सब आया. पानी बी आया, लिंक बी आया."

मॅडमनी विचार केला आणि म्हणाल्या, "शेखभाई, तुम्ही नुसता अंगठा दाखवत जा."

* * *

लिंक आली, पण कॉपी होईना. छोट्या फाइल सुळकन जात, मोठी फाइल निघाली की सगळं जागच्या जागी थिजायचं. दोन दिवस आम्ही डोकी खाजवली. पुण्याला विचारायची मॅडमची तयारी नव्हती आणि साहेब परीक्षा घ्यायला सोमवारी यायचे होते.

शनिवारी शेखभाई उशिरा आले. त्यांच्या गल्लीत पाण्याचा मोठा टँकर शिरताना कोपऱ्यावर अडकला होता. ना पुढं, ना मागं. आतली माणसं आत, बाहेरची बाहेर, आणि डोळ्यांदेखत असलेलं पाणी कुणाला मिळेना. हे सांगता सांगता ते मध्येच थांबले आणि देवकतेकडं बघत राहिले. देवकतेही त्यांच्याकडं बघत राहिला.

"शेखभाई, आपन पाकीट किती मोठं ठिवलंय?"

"बहोत बडा. तुमनेच बोले थे ना, बडा रखो, जल्दी जाता."

डेटा जलद जावा म्हणून आम्ही त्याची पाकिटं भली मोठी करून ठेवली होती. कार्डाला ती झेपत होती. स्विचला तेवढी मोठी पाकिटं घ्यायला सांगितलेलंच नव्हतं. देवकतेनं आकार साधा केला आणि मोठी फाइल सरसर निघून गेली. त्या दिवसापासून शहागंजचा तो कोपरा आम्ही आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये धरतो.

* * *

सोमवारी साहेब आले. पुण्याहून गाडीनं, आणि डिकीत पिण्याच्या पाण्याचे कॅन. मॅडमनी ते पाहिले. आमच्याकडचं पाणी मात्र त्यांनी साहेबांपुढं तांब्या भरून ठेवलं, वर फुलपात्र पालथं घालून.

जेवणाच्या भोंग्याला थोडा वेळ होता. मी कॉपीचा प्रोग्रॅम तयार ठेवला होता. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आत्ता चालतंय, ठीक आहे. पण तुमच्याकडे लाइट जाते. मशीन बंद करून चालू करा. मग बघू."

हातानं दिलेली सेटिंग मशीन बंद झालं की पुसली जाते. चालू होताना युनिक्स एक फाइल वाचतं. त्यात कार्डाची ओळ नसेल तर कार्ड असून नसल्यासारखं. मी देवकतेकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं. ओळ दुसऱ्यानं टाकली असेल असं दोघंही धरून चाललो होतो. आता साहेबांसमोर फाइल उघडणार कोण?

मॅडम म्हणाल्या, "करा बंद."

स्क्रीन काळा झाला. मग एकेक ओळ वर सरकू लागली. देवकते मशीनमागं गुडघ्यांवर बसला. शेखभाईंचे ओठ हलत होते. पार्टिशनवरून अकाउंट्सवाले डबे हातात धरून बघत होते. एवढ्या वर्षांचं डिपार्टमेंट त्या एका दिव्यावर येऊन ठेपलं होतं.

मागून आवाज आला, "आली, मॅडम."

शेखभाईंनी अंगठा दाखवला. भोंगा झाला, मी बटण दाबलं. डेटा असा धावला की साहेबांची दुसरी पोळी संपायच्या आत कॉपी पूर्ण. ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी हळूच मॅडमना विचारलं, ओळ कुणी टाकली?

"तुम्ही सगळे पाणी भरायला धावलात ना, तेव्हा ऑफिसात मी एकटीच होते."

साहेब मनानं कोते नव्हते. त्यांनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं, प्यायले, पॅसेजमध्ये गेले आणि तिथूनच मोबाइलवर हेड ऑफिसला मोठ्यानं सांगितलं, "सर, सर्व्हर इथेच राहू द्या. हो, नेटवर्क व्यवस्थित आलं. हो हो, आलं!"

पार्टिशनपलीकडं खुर्च्या सरकल्या. डबे तसेच टाकून अकाउंट्सवाले साहेबांच्या दोन्ही बाजूंनी जिन्याकडं पळाले. साहेब फोन कानाला लावून भिंतीला चिकटून उभे.

मॅडम दारापर्यंत गेल्या.

"साहेब, लिंक 'आली' म्हणायचं. 'आलं' ते पाणी. मराठी जरा सांभाळा."

साहेबांनी एकदा मॅडमकडं पाहिलं, एकदा रिकाम्या जिन्याकडं, आणि फोनमध्ये म्हणाले, "सर, चुकलं. आली."