बूट, काळी माती आणि अकोल्याचा सामना

वसंता हरणार, यावर आमच्या अमरावतीच्या घरात एकमत होतं. अकोल्याला त्याच्या अनवाणी संघाची गाठ कामठीच्या गोऱ्या सोल्जरांशी होती. जिंकेल त्याला नागपूरच्या फुटबॉल स्पर्धेत प्रवेश. बाबांनी माझ्या या धाकट्या भावाला बजावलं होतं, "हारला तं सोमवारपासून मळ्यात. चेंडू गेला आढ्यावर." संघ आधीच रवाना झाला. मी नुकतीच बी.ए. झालेली, गोरे आणि आपण एका मैदानावर सारख्याच नियमांनी खेळणार, हे मला पाहायचंच होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी बाबांना घेऊन निघाले.

अमरावतीहून बडनेऱ्याला यायचं आणि तिथे गाडी बदलायची. मधल्या वेळात फलाटावरची भजी घ्या, चहाच्या वाटेला जाऊ नका. पुढे खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस होता आणि डब्यात मी बाबांना खिलाडूवृत्ती समजावत होते. मूर्तिजापूरला ते म्हणाले, "शालू, कालेजात मधी श्वास घ्याचं नाई शिकवलं काय वं?"

अकोला स्टेशनवरून टांगा दोन आण्यांत मोर्णा नदीच्या काठी सोडतो. तिथे मामांचा भाजीचा मळा आणि त्याला लागूनच मैदान. थंडीचे कोरडे दिवस; माती पिठासारखी उडत होती.

"मामा, पाहुण्यांच्या नाकातोंडात धूळ जाईल," मी म्हणाले. "सकाळी थोडं पाणी मारा."

मामांना पाणी द्यायची एकच रीत ठाऊक, वांग्यांना द्यायची. पहाटेच मोट जुंपून त्यांनी सरळ मैदानात पाट सोडला. मी पोचले तेव्हा गोलाचे खांब पाण्यात स्वतःला न्याहाळत होते.

"मामा, हे काय?"

"तूच तं सांगतलं, माय. धूळ दिसून राहिली काय कुठं?"

दुपारपर्यंत पाणी मुरलं, चिखल उरला. सामना सुरू झाला आणि दर पावलाला सोल्जरांच्या बुटांना माती चढत गेली. अर्ध्या तासात प्रत्येक सोल्जराच्या पायाशी दोन-दोन कोहळे. आमची पोरं याच मातीत चालायला शिकलेली. शेवटी शेवटी वसंताने चेंडू मारला. गोलरक्षक वळला, त्याचे बूट जागीच राहिले. एक-शून्य.

"गेला पोट्टा नागपूरले," बाबा म्हणाले.

मला मात्र गाडीतलं माझंच व्याख्यान टोचत होतं. मी गोऱ्या कप्तानाकडे गेले आणि परीक्षेबाहेर प्रथमच इंग्रजी बोलले: पाणी माझ्या सांगण्यावरून सोडलं, हवं तर सामना पुन्हा घ्या.

"ताई, तू कोनाच्या बाजूनं हायेस?" मागून वसंता.

कप्तान काडीने बूट खरवडत होता. मैदान दोघांना एकच होतं, म्हणाला, सामना झाला तो झाला. मग मामांकडे पाहून म्हणाला, आमच्या बराकीतल्या बागेला असा माळी मिळत नाही. मी मामांना मराठीत सांगितलं.

"इचार त्याले, वांगी लावते काय."

सोमवारी वसंता नागपूरच्या गाडीत होता आणि अमरावतीला आमच्या मळ्यात पाणी द्यायची त्याची पाळी रिकामी होती.

"समदं न्यायानं झालं पाह्यजे, नाई काय?" बाबांनी माझ्या हाती फावडं दिलं.

मी चपला घालूनच वाफ्यात उतरले. चार पावलं गेले, परत फिरले आणि चपला काढून बांधावर ठेवल्या.