रिकाम्या कबरीच्या दारात काढलेले बूट

शनिवार, १२ जुलै, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. व्हर्जिनियाच्या डोंगरात उभारलेल्या नकली जेरुसलेममध्ये, येशूच्या रिकाम्या कबरीच्या दारात, मी अनवाणी आहे म्हणून मला अडवण्यात आलं. माझं वय एकोणसत्तर, हातात फोन, आणि फोनवर पुण्याहून करुणा.

करुणा माझी शाळेतली मैत्रीण. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये आमच्या खाटा शेजारी होत्या. ती नगरकडच्या ख्रिस्ती घरातली, मी कोकणस्थांची. पण सिस्टर बायबलातल्या गोष्टी सांगू लागल्या की दोघींचे कान सारखेच टवकारायचे. पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघालेल्या बायका आमच्या विशेष लाडक्या. दारावरचा धोंडा कोण सरकवणार हे ठाऊक नसताना निघाल्या होत्या! रिटायर झालो की जेरुसलेमला जायचं, हे तेव्हाच ठरलं. मग आधी माझ्या यजमानांचं आजारपण, नंतर तिकडची युद्धं, शेवटी करुणाच्या खुब्याचं हाड. आता ती पलंगावरून उठत नाही.

मुलाकडे अ‍ॅशबर्नला आले आणि या जागेचा पत्ता लागला, तेव्हा ती म्हणाली, "नकली तर नकली. माझ्या वाटचीही आत उभी राहा. चपला काढून हं." तिच्या गावी चर्चला देऊळच म्हणतात आणि चपला बाहेर काढून आत जातात.

कुणाला जायचं असेल तर रूट सातने पश्चिमेला निघा. ब्लू रिज ओलांडली की डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती संपतात आणि सफरचंदांच्या बागा लागतात. पुढे एक्क्याऐंशी नंबरच्या हायवेने दक्षिणेला. एकूण दोन तास. तिकीट अठरा डॉलर, ज्येष्ठांना पंधरा, आणि कबरीसाठी वेळ आधीच बुक करावी लागते. खायला आत फक्त सुकी सँडविचेस मिळतात. थालीपीठं बरोबर घ्या.

बेथलेहेम पार्किंगला लागूनच आहे. यार्देन, म्हणजे जॉर्डन नदी, पायाने ओलांडता येते. पण जळत्या झुडपापुढे मी थबकले. ही भूमी पवित्र आहे, जोडे काढ, असं देवानं सांगितलेला मोशे अनवाणी उभा, आणि त्याचे काढलेले जोडे शेजारी प्लास्टरमध्येच घडवलेले. म्हटलं, हे लोक जाणते दिसतात.

कबरीशी पोचल्यावर मी बूट काढले. दारावरची मुलगी धावत आली. "मॅम, शूज प्लीज. इन्शुरन्सचा रूल आहे."

"मागे तो मोशे अनवाणी उभा आहे. त्याचा इन्शुरन्स कुणी काढलाय?"

"मॅम, ही इज अ स्टॅच्यू."

"आई, प्लीज, इश्यू नको करू यार," अमेय, माझा मुलगा.

"यार कुणाला म्हणतोस?"

फोनमधून करुणा विचारत होती, "काय म्हणतायत गं?"

"बूट घालून आत जा म्हणतायत."

"मग घाल की. भांडू नकोस."

मी बाकावर बसले. बोटं सुजलेली, नाडी काही ओढता येईना. अमेय गुडघे टेकून ती बांधायला लागला, एवढ्यात फोनवरून करुणा म्हणाली, "थांब शालू. नको. एवढी वर्षं वाट पाहिली ती बुटानं आत शिरायला नाही."

मी बूट परत काढले. आमचा गट आत गेला, बाहेर आला. पुढचे सगळे गट भरलेले होते. एका तिकिटावर एकदाच प्रवेश, हेही ऐकवण्यात आलं.

"गवतावर तरी अनवाणी चालेल का?" मी विचारलं. मुलगी ओशाळली. "गवताचा रूल नाहीये, मॅम."

ओल्या गवतावर उभी राहून मी फोन दाराकडे धरला.

"धोंडा सरकलेला आहे का गं?"

"आहे. मेला फायबरचा आहे."

"असू दे. सरकलेला आहे ना?"



परतीच्या वाटेवर थालीपीठं तशीच राहिली. घरी येऊन आठवडा होत आला. खऱ्या जेरुसलेमची हळहळ जन्मभर होतीच. आता नकलीचीही लागली. आतून ती जागा कशी आहे, हे करुणा मला विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा व्यवस्थापकांकडे ही विनंती नाही, मागणी आहे. याचं इंग्रजी मीच करून पाठवते आहे; शाळेत नन्सनी माझं इंग्रजी पक्कं करून घेतलंय. शनिवार, २६ जुलै रोजी पहिला गट येण्याआधी मला कबरीत एक मिनिट अनवाणी उभं राहू द्या. पडले तर जबाबदारी माझी; हवं तर तसं लिहून घ्या. रविवारी माझं विमान आहे. शनिवारी पुण्यात करुणा फोन हातात घेऊन बसेल. तिला काय सांगू, हे मला शुक्रवार, २५ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.